सात ग्रॅमचा हिशेब

नांदेडहून विद्यार्थ्यांना घेऊन माहूरगडावर गेलो होतो. पहाटे चहाच्या पाण्याला आधण येण्यापूर्वीच पाठीवरच्या पिशवीतून नेलेल्या चिमुकल्या शेगडीचा गॅसचा डबा रिता झाला. खापर मी शेगडीवर फोडले!

घरी तराजू मांडला. १ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. सारी पाण्यालाच मिळाली, तर सुमारे ७ ग्रॅम गॅस पुरे. डबा आधी आणि नंतर तोलला, तेव्हा चोर सापडले: वारा आणि उघडे पातेले! आडोसा करावा, झाकण ठेवावे. मात्र डबा तापू देऊ नये, फुटण्याचे भय असते.

लातूरची बहीण हे ऐकून हसली. म्हणाली, "दादा, २०१६ साली आमच्याकडे रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून आम्ही आधण मोजूनच ठेवतो. तुला तराजू लागला?"