साठी आली, दवाखान्याच्या विम्याचं काय ठरवलंत?



नोकरदाराला निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. त्या दिवशी हार-नारळ मिळतो, फंडाचा हिशेब होतो. शेतकऱ्याला ना तारीख, ना हार. आडसालीची लागण, खोडव्याची भर, पाण्याची पाळी यातच साठी कधी ओलांडली ते कळत नाही. मग एके रात्री छातीत कळ येते आणि घरची माणसं पैशासाठी दारोदार फिरतात.

आपल्यातल्याच एका सभासदाची ही हकीकत. नाव सांगत नाही. वय ६२. दोन वर्षांपूर्वी आरोग्य विमा काढला. साखरेची गोळी दहा वर्षं चालू होती, पण फॉर्म भरणारा म्हणाला, "अण्णा, ते लिहू नका, हप्ता वाढतोय." अण्णांनी न वाचता सही केली. पुढं हृदयाची नळी बंद झाली. जवळच्या दवाखान्यात नेलं, बिल झालं. कंपनीनं जुने कागद पाहिले आणि माहिती लपवली म्हणून दावा नाकारला. वर आणखी एक चूक झाली. घरात शिधापत्रिका असताना सरकारी योजनेतला दवाखाना कुठला, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी दोन म्हशी विकल्या आणि उरलेलं कर्ज काढलं.

ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट, फुकट काय मिळतं ते आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पिवळं, केशरी, पांढरं असा भेद आता राहिला नाही. ७० वर्षं पुरी झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. त्यात उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर नोंदणी होते. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले, तर ५ लाख दोघांत मिळून. चौकशीचा फोन १४५५५. पण या योजना ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या दवाखान्यांतच चालतात. म्हणून आपल्या भागातले असे दवाखाने कोणते, हे आज विचारून भिंतीवर लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.

दुसरी गोष्ट, पोरगा पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या विम्यात आपलं नाव आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. त्यानं नोकरी बदलली की ते छत्र गेलं. नोकरी सुटण्याआधीच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे त्याला विचारायला सांगा.

तिसरी गोष्ट, स्वतःची पॉलिसी घ्यायची असेल तर हप्ता किती एवढंच बघू नका. पासष्टी उलटली म्हणून दार बंद, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून राहिला नाही. पण कंपनी तपासणी करते, आणि वयाबरोबर हप्ता चढतो. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात तसंच हे. लागण उशिरा केली तर तोडही उशिराच. म्हणून साठीच्या अलीकडेच सुरुवात केलेली बरी.

एजंटला चार प्रश्न रोखठोक विचारा. माझ्या आजाराला किती वर्षं थांबायचं? बिलातला वाटा मला भरावा लागेल का? वीस टक्के वाटा म्हणजे २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? मर्यादा ५ हजारांची आणि घेतली १० हजारांची खोली, तर डॉक्टरांची फीसुद्धा निम्मीच मिळू शकते. आणि गावाजवळचा कुठला दवाखाना तुमच्या यादीत आहे?

फॉर्म स्वतः वाचा, नाहीतर नातवाकडून वाचून घ्या. साखर, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण वेळेला पैसे मिळतील. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाकडे जावं लागतं, हेही माहीत असू द्या.

नूतनीकरणाची तारीख शक्यतो उसाचं बिल हाती येतं त्या महिन्यातली ठेवा. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत आजार आला तर संरक्षण मिळत नाही. खंड पडला की थांबायची वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

बेणं निवडताना आपण कांडीचा एकेक डोळा तपासतो. म्हातारपणाचा आधार निवडताना डोळे झाकून सही का करावी? यंदाचं बिल जमा होईल त्या संध्याकाळी नवरा-बायको दोघांनी शिधापत्रिका, आधार आणि असेल ती पॉलिसी घेऊन एकत्र बसावं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढीच विनंती.