तंबोऱ्याचं गणित

ज्यांनी इंजिनिअरिंगला एम-थ्रीचा पेपर दिला आहे त्यांना फूरियर हे नाव आठवत असेल, आणि फारसं आनंदाने आठवत नसेल. कुठलाही सूर म्हणजे अनेक साध्या लहरींची बेरीज, एवढंच या गृहस्थांचं म्हणणं. पेपर सुटला, मार्क मिळाले. पुढे नोकरीत डेटाबेस सांभाळताना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो 2023 मध्ये. कंपनीत कपात झाली आणि एच-वन-बीच्या नियमाप्रमाणे हातात 60 दिवस उरले. नवी नोकरी शोधा, व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर गाशा गुंडाळा! दिवसभर अर्ज आणि इंटरव्ह्यू. रात्री झोप लागेना, म्हणून कॉम्प्युटरवर तंबोरा करायला घेतला. (नोकरी एक्केचाळिसाव्या दिवशी मिळाली. तंबोरा अजून चालू आहे.)

आकड्यांतून ध्वनिलहरी घडवण्याचं हे काम न्यू जर्सीत सुरू झालं. मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज या इंजिनिअरने 1957 मध्ये आयबीएम 704 वर 17 सेकंदांचं संगीत तयार केलं. तारेची युक्ती मात्र स्टॅनफर्डच्या कारप्लस आणि स्ट्राँग यांची, 1983 सालची. ती इतकी सोपी आहे की हसू येतं. कसेही 300 आकडे घ्या आणि ओळीने वाजवा. वाजून झालेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवा, आणि पुन्हा वाजवा. सीडीच्या हिशेबाने सेकंदाला 44,100 आकडे वाजतात. भागिले 300, म्हणजे 147 आवर्तनं. झाली की आपली पांढरी दोन! सरासरीमुळे कर्कश लहरी आधी विरतात, अगदी छेडलेल्या तारेसारख्या.

पण हा तंबोरा नव्हे, फार तर गिटार. तंबोऱ्याचा जीव जवारीत. तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला घासत राहते आणि खाली सरकवलेला सुती दोरा ती घासण्याची जागा ठरवतो. साध्या तारेत जे उपस्वर उमटूच नयेत, ते इथे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच दाखवलं होतं. माझ्या प्रोग्रॅमच्या ओळी चाळिसाच्या सातशे झाल्या त्या याच एका घासण्यापायी. मिरजेचे कारागीर तेच काम कानस आणि कान एवढ्यावर करतात. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.)

याचा आपल्या मुलांशी संबंध आहे. षड्जाच्या तारेतून पाचव्या उपस्वराने आपोआप गंधार ऐकू येतो, तो षड्जाच्या सव्वापट, 1.25. कीबोर्डवरचा गंधार 1.26, कारण तिथे सप्तकाचे 12 सारखे भाग पाडलेले असतात. पांढरी दोनमध्ये हा फरक सेकंदाला जवळजवळ दीड आवर्तनाचा. इथली बहुतेक मुलं कीबोर्डवर सूर लावतात आणि मग गंधार चढा लावला म्हणून बोलणी खातात. चूक गळ्याची नसते हो!

तेव्हा देणगीदारांना एक विनंती. माझा प्रोग्रॅम मंडळाला फुकट आहेच, पण मुलांच्या गाण्याच्या वर्गासाठी मिरजेचा एक खरा तंबोरा घेता आला तर पाहावं. सोबत ह्युमिडिफायरचेही पैसे धरा. इथे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की हवा कोरडी होते आणि भोपळ्याला तडे जातात.