रहमानी, असद रफी

(१९५०–    ). भारतीय पक्षिवैज्ञानिक. माळढोक, तणमोर इ. गवताळ प्रदेशांतील पक्ष्यांचे परिस्थितिविज्ञान व वर्तन यांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध. त्यांचे प्राणिविज्ञानाचे उच्च शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाले. १९८० मध्ये ते मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत संशोधक म्हणून दाखल झाले. १९९१ मध्ये अलीगढ येथे अध्यापनासाठी परतल्यानंतर १९९७–२०१५ या काळात त्यांनी याच संस्थेचे संचालकपद भूषविले.

सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९८१ मध्ये संस्थेने संकटग्रस्त पक्ष्यांविषयीचा प्रकल्प हाती घेतला व माळढोकाचा अभ्यास रहमानी यांच्याकडे आला. मध्य प्रदेशातील करेरा व सोलापूरजवळील नान्नज ही त्यांची प्रमुख क्षेत्रीय केंद्रे होत. नान्नजच्या माळढोकांकडे सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यापूर्वीच लक्ष वेधले होते. समुद्रपक्ष्यांचा अभ्यासक विणीच्या बेटावर गेला, की हजारो पक्षी त्याला एकत्र सापडतात; माळढोक मात्र विस्तीर्ण माळावर विखुरलेला व अत्यंत सावध असतो. त्यामुळे लपणीत बसून दुर्बिणीने वर्षानुवर्षे नोंदी घ्याव्या लागत. दुसऱ्या एका बाबतीत मात्र तो अल्बट्रॉससारख्या समुद्रपक्ष्यांच्या जवळचा आहे : मादी एका वेळी सामान्यतः एकच अंडे घालते. अशा जातीत प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडे वाढले, तरी घट भरून निघत नाही. माळढोकाच्या ऱ्हासाचे गणित समजण्यास ही गोष्ट महत्त्वाची आहे.

विणीच्या हंगामात नर ठराविक उंचवट्यावर येऊन गळ्याची पिशवी फुगवितो, शेपटी पाठीवर उभारतो व घुमणारा खोल आवाज काढतो. तोच नर त्याच जागी वर्षानुवर्षे येतो. जमिनीवर उघड्यावर घातलेले अंडे मादी एकटीच सुमारे २७ दिवस उबविते. पिलाच्या संगोपनात नराचा वाटा नसतो. नान्नज येथे चराईस बंदी असलेल्या क्षेत्रात माद्यांची वीण होते, तर अन्नासाठी पक्षी भोवतालच्या ज्वारी, भुईमूग, हरभरा यांच्या शेतांत उतरतात, असे दिसून आले. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे व पिकांचे दाणे हे त्यांचे खाद्य होय. यावरून गवताळ माळ व कोरडवाहू शेती यांची सरमिसळ या पक्ष्यास अनुकूल असते, हे स्पष्ट झाले. माळावर झाडे लावणे म्हणजे निसर्गरक्षण, या समजुतीस रहमानी यांनी सातत्याने विरोध केला. ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या गवताळ जमिनीचे मूल्य पटवून देणे हे त्यांच्या कामाचे, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत टिकाऊ अंग होय.

या संशोधनाची कसोटी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात लागली. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौ. किमी. क्षेत्राचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. अहमदनगरमधील कर्जत, श्रीगोंदे व नेवासे हे तालुके त्यात अंशतः आले. याच भागातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी वेगळे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २·१७ चौ. किमी. आहे. माळढोक अभयारण्याची बहुतेक जमीन खाजगी मालकीची होती, वने नव्हेत. गावेच्या गावे निर्बंधांखाली आल्याने शेतकऱ्यांत असंतोष वाढला आणि पक्ष्याविषयीची आपुलकी ओसरली. करेरा येथेही पिकांचे नुकसान व जमिनीवरील बंधने यांमुळे लोक विरोधात गेले आणि तेथून माळढोक नाहीसा झाला. कुकडी व उजनी प्रकल्पांच्या पाण्यामुळे ज्वारीच्या जागी ऊस आला, तेव्हा कागदावरील अभयारण्य व पक्ष्याचे खरे आश्रयस्थान यांतील अंतर अधिकच वाढले. २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी. करण्यात आले.

१९६९ मध्ये देशातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज होता. पुढे ती दीडशेच्या आसपास आली व २०११ मध्ये या जातीचा अतिसंकटग्रस्त वर्गात समावेश झाला. विजेच्या तारांवर आदळून होणारे मृत्यू हे अलीकडचे मोठे कारण आहे. जड शरीर व समोरचे मर्यादित दिसणे यांमुळे उडता माळढोक ऐनवेळी वळू शकत नाही. महाराष्ट्रात तो आता क्वचितच आढळतो. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू आहे.