नव्यानें वर आलेला खेळाडू कोणाचा?

खेळ हा करमणुकीचा विषय असला, तरी त्यांतील न्याय-अन्याय मनुष्याच्या जिव्हारीं लागतो. पत्त्यांच्या डावांत एखाद्यानें पान लपविलें, तर घरांत दोन दिवस अबोला राहतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आज ज्या तक्रारीविषयीं मी बोलणार आहें, ती अमेरिकेंतील एका खेळाची आहे. परंतु ती समजण्यास बेसबॉलचें फारसें ज्ञान लागत नाहीं. रांगेंत आधीं कोण उभा होता आणि माल कोणाच्या पदरीं पडला, एवढाच तो प्रश्न आहे.

या खेळास फॅन्टसी बेसबॉल म्हणतात. दहा-बारा स्नेही मिळून एक मंडळ करतात. प्रत्येक जण खऱ्या व्यावसायिक खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडतो. एक खेळाडू एकाच संघांत. पुढें हंगामभर ते खेळाडू मैदानावर जी कामगिरी करतील, तिच्या आकड्यांवरून या काल्पनिक संघांस गुण मिळतात. १९८० सालीं न्यूयॉर्कमध्यें डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकानें आपल्या मित्रांसह हा खेळ आजच्या रूपांत सुरू केला. ज्या उपाहारगृहांत ही मंडळी जमत, त्याच्या नांवावरून त्यास ‘रोटिसरी’ हें नांव पडलें. त्या काळीं आकडे वर्तमानपत्रांतून घ्यावयाचे आणि बेरीज हातानें करावयाची. आतां हें सर्व काम इंटरनेटवरील संकेतस्थळें क्षणांत करतात. मोठीच सोय झाली; परंतु तक्रारीचें मूळहि याच सोयींत आहे.

प्रथम खऱ्या बेसबॉलची रचना पाहूं. मेजर लीगमध्यें ३० संघ आहेत. हंगामाच्या बहुतेक काळांत प्रत्येक संघास २६ खेळाडू प्रत्यक्ष खेळण्यास सज्ज ठेवतां येतात; त्यांना धरून एकूण ४० जणांची एक विस्तृत यादी असते. यांच्या खालीं मायनर लीग, म्हणजे उमेदवारीच्या पायऱ्या. २०२१ पासून प्रत्येक मोठ्या संघाशीं अशा चार पायऱ्यांवरील चार संघ जोडलेले आहेत, म्हणजे सर्व मिळून १२० संघ झाले. तरुण खेळाडू एकेक पायरी चढत वर येतो, आणि एके दिवशीं त्यास मेजर लीगचें बोलावणें येतें.

हें बोलावणें केव्हां येईल, तें बहुधा आदल्या दिवसापर्यंत बाहेरच्या कोणास ठाऊक नसतें. याचीं कारणें मुख्यतः दोन. वरचा एखादा खेळाडू जखमी झाला, कीं त्याची जागा तांतडीनें भरावी लागते. दुसरें कारण पैशाचें. मेजर लीगमधील १७२ दिवस म्हणजे नोकरीचें एक वर्ष, आणि अशीं सहा वर्षें भरलीं, कीं खेळाडू वाटेल त्या संघाशीं करार करण्यास मोकळा होतो. २०१५ सालीं शिकागो कब्ज संघानें क्रिस ब्रायंट यास हंगामाच्या आरंभीं खालींच ठेविलें व १७ एप्रिलला वर आणलें. त्या वर्षीं त्याचे १७१ दिवस भरले. त्यानें केलेली तक्रार २०२० सालीं लवादानें फेटाळली, आणि एका दिवसाच्या उणिवेमुळें त्याची मोकळीक एक हंगाम पुढें गेली. २०२२ च्या करारान्वयें नवोदितांच्या पारितोषिकांत पहिल्या दोघांत येणाऱ्या नामांकित उमेदवारास पूर्ण वर्षाचें श्रेय मिळूं लागलें. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ रोजीं वर येऊनहि या तरतुदीनें पूर्ण वर्षाचा धनी झाला. तथापि संघचालकांचे हिशेब संपले, असें म्हणतां येत नाहीं. बढतीचा मुहूर्त आजहि तेच ठरवितात.

असा एक नवखा खेळाडू काल्पनिक संघाचें दैव पालटूं शकतो. २०१२ सालीं माइक ट्राउट आरंभीं मायनर लीगमध्येंच होता. २८ एप्रिलला तो वर आला, आणि हंगामाअखेर ३० होमरन व ४९ चोरलेले बेस त्याच्या नांवावर जमा होते. असा गुणी मुलगा अंधारांत असतांनाच ओळखावा, यांतच या खेळाचा खरा आनंद आहे.

आतां तक्रारीकडे वळूं. मी कांहीं वर्षें नोकरीनिमित्त न्यू जर्सींत होतों. आमच्या मंडळांत एक परिचारिका बाई होत्या. एका तरुण पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, त्यांची दोन वर्षें नजर होती. त्याच्या प्रत्येक सामन्याचे आकडे त्या वहींत टिपून ठेवीत. परंतु तो अजून मेजर लीगमध्यें खेळला नसल्यानें आमच्या संकेतस्थळाच्या यादींत त्याचें नांवच नव्हतें, आणि जें नांव यादींत नाहीं, तें निवडतां येत नाहीं. एका मंगळवारीं दुपारीं त्याच्या बढतीची बातमी आली. तासाभरानें नांव यादींत झळकलें. बाई त्या वेळीं रुग्णांच्या सेवेंत होत्या. आमच्यांतील दुसऱ्या एका गृहस्थांनीं, ज्यांनीं तें नांव त्याच सकाळीं प्रथम ऐकलें होतें, बटण दाबून त्यास आपल्या संघांत घेतलें. नियमाप्रमाणें त्यांत कांहींच वावगें नव्हतें. तरी पुढें महिनाभर त्या दोघांत धड बोलणें झालें नाहीं.

याच दुखण्याचीं आणखी रूपें आहेत. कांहीं मंडळांत नवा खेळाडू आठवड्यांतून एकदां, रविवारीं रात्रीं, गुप्त बोलीनें घेतला जातो. ही पद्धत न्याय्य खरी. परंतु नांव यादींत सोमवारीं आलें, तर बोली लावावयाची कोठें? सबंध आठवडा वायां जातो. दुसरें रूप जागेचें. खालीं तीन वर्षें शॉर्टस्टॉप म्हणून खेळलेला मुलगा वर येतो, तेव्हां संकेतस्थळ त्याची ती जागा मान्य करीलच असें नाहीं. नव्या जागीं ठराविक सामने खेळेपर्यंत तो मालकास अर्धाच उपयोगी. तिसरें रूप कोठाराचें. कोठें कोठें उमेदवार खेळाडूंसाठीं संघांत एक राखीव खण असतो. खेळाडू वर आला, कीं त्या क्षणीं तो खण अवैध ठरतो, आणि दुसऱ्या कोणास काढून जागा करीपर्यंत मालकास नवा खेळाडू घेतां येत नाहीं. चार दिवसांनीं तोच मुलगा पुन्हां खालीं धाडला जातो, आणि काढून टाकलेला खेळाडू तोंवर दुसऱ्याच्या घरीं गेलेला असतो.

संकेतस्थळांची बाजूहि ऐकली पाहिजे. १२० संघांतील हजारों नांवें यादींत घातलीं, तर नवशिक्याचा गोंधळ उडेल. सारख्या नांवांचे खेळाडू एकमेकांत मिसळतील. आणि ज्यांतील बहुतेक कधींच वर येणार नाहींत, त्यांचे आकडे रोज सांभाळावे लागतील. ही अडचण खरी आहे. परंतु तिचा परिहार असाध्य नाहीं. प्रत्येक संघाच्या ४० जणांच्या यादींतील नांवें आरंभींच घालावीं. त्याबाहेरील जो वर येईल, त्याचें नांव प्रथम केवळ दिसावें, आणि पुढील एक-दोन दिवस सर्वांच्या मागण्या घेऊन मग निकाल द्यावा. जागा ठरवितांना मायनर लीगमधील सामने धरावे. राखीव खणास एक दिवसाची सवड द्यावी. यांत यंत्रास कठीण असें कांहींच नाहीं. घड्याळ थोडें सावकाश चालवावयाचें, एवढेंच.

यंत्र बदलेपर्यंत आम्हीं आपल्यापुरता उपाय केला. बहुतेक संकेतस्थळें मंडळाच्या चालकास संघांत हातानें फेरफार करूं देतात. हंगामापूर्वीं प्रत्येकानें यादींत नसलेल्या दोन उमेदवारांचीं नांवें पाकिटांत घालून चालकाकडे द्यावीं. त्यांपैकीं जो वर येईल, त्यास चालकानें त्या सभासदाच्या संघांत घालावें. दोघांनीं एकच नांव लिहिलें असल्यास, गुणांत मागें असलेल्यास तो मिळावा. ही सूचना त्या बटण दाबणाऱ्या गृहस्थांनींच मांडली, हें येथें सांगितलें पाहिजे.

पुढच्या हंगामांत बाईंनीं दोन नांवें लिहिलीं. एक मुलगा वर्षभर खालींच राहिला. दुसऱ्यास जुलैमध्यें बोलावणें आलें, तेव्हां त्या रात्रपाळीवर होत्या. सकाळीं घरीं येऊन पाहतात, तों तो त्यांच्या संघांत बसलेला होता.