शेतकऱ्याची पट्टी आणि मुलाचं ताट



कांद्याची गाडी बाजारात जाते आणि संध्याकाळी पट्टी घरी येते. हमाली गेली, गाडीभाडं गेलं, आणि खाली उरलेला आकडा बघून घरात कुणी बोलत नाही. हा अनुभव आपल्याकडे अनेक घरांत आहे. आज मी तुम्हाला अशाच एका पट्टीपासून सुरू झालेली गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातली आहे.

साल साधारण १९३० नंतरचं. अमेरिकेत महामंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, त्यात दुष्काळ आणि धुळीची वादळं. एका पाद्र्याचा लहान मुलगा वडिलांबरोबर ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेला. तो धडधाकट माणूस मागच्या पायरीवर बसून रडत होता. वर्षभर पोसलेली डुकरं त्याने विकली होती, आणि हातात आलेले पैसे ती बाजारात नेण्याच्या भाड्यापुरतेच होते. तो मुलगा म्हणजे जॉर्ज मॅकगव्हर्न. पुढे तो त्याच राज्याचा सिनेटर झाला.

आता सिनेटर म्हणजे कोण, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे लोकसभा आणि राज्यसभा, तशी अमेरिकेच्या संसदेचीही दोन सभागृहं आहेत. वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. आपल्या राज्यसभेत मोठ्या राज्याला जास्त जागा असतात. महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोनच. मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेचे बहुतेक खासदार आमदार निवडून देतात, पण सिनेटरला १९१३ पासून जनताच थेट मत देते.

साउथ डकोटाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे, पण २०२० च्या जनगणनेत वस्ती नऊ लाखांच्याही आतच भरली. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आसपास! मधून मिसुरी नदी वाहते. पूर्वेला मका आणि गहू, पश्चिमेला गुरांची मोठमोठी कुरणं. मिचेल या गावात तर मक्याच्या कणसांनी सजवलेली इमारत आहे, तिला ‘कॉर्न पॅलेस’ म्हणतात. अशा थोड्या वस्तीच्या राज्याला कोट्यवधी वस्तीच्या राज्याइतकेच दोन सिनेटर मिळतात. त्यामुळे तिथला सिनेटर काय बोलतो, याला देशात वजन असतं.

मॅकगव्हर्न यांचा जन्म १९२२ चा, आणि ते वाढले मिचेलमध्येच. १९४३ साली त्यांचं लग्न एलिनॉर यांच्याशी झालं. त्या शेतकऱ्याची लेक. त्यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या जुळ्या बहिणीने घर सांभाळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मॅकगव्हर्न यांनी बॉम्बफेकी विमान चालवलं, ३५ मोहिमा केल्या. विमानाला नाव दिलं ‘डकोटा क्वीन’, बायकोच्या नावाने. युद्धात इटलीमध्ये त्यांनी खाण्यासाठी हात पसरणारी उपाशी मुलं पाहिली. शेतकऱ्याची पट्टी लहानपणी पाहिली होती, आता मुलाचं रिकामं ताट पाहिलं.

युद्धानंतर ते इतिहास शिकले, डॉक्टरेट मिळवली, मिचेलच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५३ साली ती नोकरी सोडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचं काम हाती घेतलं. तेव्हा राज्याच्या विधिमंडळात ११० पैकी १०८ जागा दुसऱ्या पक्षाकडे होत्या! ते गाडी घेऊन गावोगाव फिरले. भेटलेल्या माणसाची माहिती छोट्या कार्डावर लिहून ठेवायची, ही त्यांची पद्धत. १९५६ ला ते खालच्या सभागृहात निवडून आले. १९६० ला सिनेटची निवडणूक हरले. १९६२ ला पुन्हा उभे राहिले आणि अवघ्या ५९७ मतांनी जिंकले. आपल्या एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्या बाईला हा आकडा जरूर सांगा.

आता त्यांनी कामात पहिलं स्थान कशाला दिलं ते पाहू. अमेरिकेत तेव्हा धान्य उदंड पिकत होतं, कोठारं भरलेली होती आणि त्यामुळेच भाव पडत होते. दुसरीकडे जगात माणसं उपाशी होती. मॅकगव्हर्न यांचं म्हणणं असं की, हे दोन प्रश्न एकत्र सोडवता येतील. सरकारने शेतकऱ्याकडचं जास्तीचं धान्य घ्यावं आणि ते भुकेल्यांपर्यंत न्यावं. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना ‘शांततेसाठी अन्न’ या कार्यक्रमाचं प्रमुख केलं. त्याच वर्षी रोममध्ये त्यांनी मांडलेल्या प्रस्तावातून संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम उभा राहिला.

इथे आपलाही संबंध येतो. घरातल्या आजीला विचारा, रेशनवरचा अमेरिकेचा लाल गहू तिला आठवत असेल. तो गहू १९५४ च्या ‘पी.एल. ४८०’ या अमेरिकन कायद्याखाली येत असे, आणि मॅकगव्हर्न यांचा कार्यक्रम याच कायद्यावर उभा होता. त्या धान्याने इथे अनेकांची पोटं भरली, हे खरं. पण बाहेरून स्वस्त धान्य आलं की इथल्या शेतकऱ्याच्या धान्याचा भाव दबतो, अशी टीकाही झाली. शिवाय १९६५-६६ च्या टंचाईत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडं थोडं सोडून भारतावर दबाव आणला. त्यानंतर आपला देश स्वतःचं धान्य पिकवण्याच्या मागे जोराने लागला.

देणाऱ्या अमेरिकेतही उपासमार होती. १९६८ साली टीव्हीवर तिथल्या भुकेवर एक माहितीपट लागला. त्यात शाळेतला एक मुलगा, जेवणाला पैसे नाहीत म्हणून इतरांना जेवताना बघत उभा होता. आपल्याला लाज वाटते, असं तो म्हणाला. मॅकगव्हर्न घरी बसून ते पाहत होते. लाज त्या मुलाला नाही, मला वाटायला हवी, असं ते म्हणाले. त्याच वर्षी सिनेटने पोषणाच्या प्रश्नावर खास समिती नेमली आणि मॅकगव्हर्न तिचे अध्यक्ष झाले.

समितीत त्यांच्याबरोबर होते बॉब डोल. ते कॅन्ससचे, म्हणजे तेही गव्हाच्या राज्याचे, पण विरोधी रिपब्लिकन पक्षाचे. दोघांचं अनेक बाबतींत पटत नसे, या कामात मात्र ते एकत्र आले. तेव्हा गरिबाला धान्याची कुपनं मिळत, पण आधी काही रोख रक्कम भरावी लागे. ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत, तो कुपनांना मुकायचा. १९७७ च्या कायद्याने ही अट काढली. योजना कागदावर असते आणि एका अटीमुळे सगळ्यात गरीब बाईच बाहेर राहते, हे आपण बचत गटात पुष्कळदा पाहतो.

गरोदर आणि बाळंत स्त्रिया व पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची पोषण योजनाही तिथे १९७२ साली सुरू झाली. तिचा पुढाकार सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांचा. आपल्याकडे अंगणवाडीची योजना १९७५ साली आली.

पण मैत्रिणींनो, सगळं गोड झालं नाही. १९७२ साली मॅकगव्हर्न राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. व्हिएतनामचं युद्ध थांबवा, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ते इतके वाईट हरले की स्वतःच्या राज्यातही मागे पडले. १९७७ साली त्यांच्या समितीने लोकांनी काय खावं याचा अहवाल काढला आणि त्यात मांस कमी खा असं लिहिलं. सिनेटर मात्र गुरं पाळणाऱ्यांच्या राज्याचा! पशुपालक चिडले आणि त्याच वर्षी अहवालाची भाषा बदलावी लागली. १९८० साली मतदारांनी त्यांना घरी बसवलं.

घरी बसले, पण काम सुटलं नाही. पुढे मॅकगव्हर्न आणि डोल या दोघांनी मिळून गरीब देशांतल्या मुलांना शाळेत जेवण मिळावं यासाठी योजना मांडली. तिच्या उद्देशात मुलींना शाळेत आणणं, हेही आहे. आज ती दोघांच्या नावानेच चालते. २००८ साली दोघांना मिळून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मॅकगव्हर्न २०१२ साली वारले.

ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की, निवडणूक आली की आपण पक्ष बघतो, जात बघतो, फार तर रस्ता आणि सभामंडप बघतो. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की गटाने मिळून तीन गोष्टी विचाराव्यात. निवडणुकीआधी तुम्ही काय काम करत होता? आमच्या गावची पट्टी आणि आमच्या अंगणवाडीतलं ताट तुम्ही स्वतः पाहिलंय का? आणि निवडून आलात तर पहिलं काम कोणतं धराल? मिळालेली उत्तरं गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. वर्षाने ती वही उघडून ग्रामसभेत वाचा.