नडगी आधी, रंग नंतर

पावसाळा लागून शाळा रुळावर आल्या की शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक सोलापूर जिल्ह्यातल्या पीटी सरांच्या हातात पडते. त्यात फुटबॉलची, विशेषतः सुब्रतो मुखर्जी चषकाची घाई सगळ्यात आधी असते. राष्ट्रीय फेरी वेळेत व्हायची तर जिल्हा आणि विभाग पटापट उरकावे लागतात. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून चालत आलेली ही आंतरशालेय स्पर्धा. तिच्यासाठी करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून पहाटेची गाडी धरून आलेला संघ मैदानावर रांगेत उभा राहतो आणि सामन्याआधीच्या पाच मिनिटांत रेफ्री एकेकाचे बूट उलटे करून बघतो, नडगीवर टकटक करतो, कान, मनगट, गळा न्याहाळतो. शालेय फुटबॉलवर लिहिणारे गोल, पेनल्टी आणि वयाच्या बनावट दाखल्यांवर लिहितात. या पाच मिनिटांकडे कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर खेळाच्या कायद्यातल्या चौथ्या नियमाचा, म्हणजे खेळाडूंच्या साहित्याच्या नियमाचा सगळा कस इथेच लागतो. तो लावताना आपण बऱ्याचदा उलटे वागतो. नजरेत भरते तिथे कडक होतो आणि हाडाशी येते तिथे सैल सोडतो, हे माझे म्हणणे आहे.

नियम काय मागतो ते आधी पाहू. बाह्यांचा शर्ट, चड्डी, पायमोजे, शिनगार्ड आणि पादत्राण, एवढ्या पाचच वस्तू सक्तीच्या. शिनगार्ड मोज्याखाली पूर्ण झाकलेले हवेत आणि योग्य संरक्षण देणाऱ्या साहित्याचे हवेत. मोज्यावर टेप गुंडाळली तर ती मोज्याच्याच रंगाची हवी. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसावेत, गोलरक्षकाचा सगळ्यांहून वेगळा. दागिने चालत नाहीत. २०२४-२५ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे ते टेपखाली झाकूनही चालत नाहीत. आता नियम काय मागत नाही, तेही बघण्यासारखे आहे. स्टडचे बूट तो मागत नाही, पादत्राण म्हणतो. म्हणजे शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून आलेला मुलगा या नियमात पूर्ण बसतो. पाठीवरचा क्रमांक ही त्या-त्या स्पर्धेच्या नियमावलीची बाब आहे, चौथ्या नियमाची नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून मैदानाच्या कडेला सर्वाधिक आवाज चढतो, ‘स्टड नाहीत’ आणि ‘नंबर मार्करने काढलाय’, त्यांचा या नियमाशी संबंधच नाही. नीट वाचले तर या एका नियमात दोन नियम कोंबलेले दिसतात. एक शरीर वाचवण्यासाठी आहे, दुसरा ओळख पटावी म्हणून. दोघांना एकच वजन दिले की गडबड सुरू होते.

शरीराच्या बाजूला तडजोड नसावी, याला कारणे आहेत. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसनने १८७४ मध्ये क्रिकेटचे पॅड कापून नडगीला बांधले, तिथून शिनगार्डची कथा सुरू झाली असे मानतात. पण ते सक्तीचे व्हायला १९९० उजाडले. शंभराहून अधिक वर्षे तो ज्याच्या-त्याच्या मर्जीचा मामला होता. आपल्याकडे तर बुटांचाच प्रश्न होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी फ्रान्सविरुद्ध खेळले आणि २-१ असे थोडक्यात हरले, त्याचे कौतुक आजही होते. १९५० च्या विश्वचषकाला अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून आपण गेलो नाही, ही कहाणीही लोकांना आवडते. प्रत्यक्षात प्रवास, तयारी आणि ऑलिंपिकला दिलेले झुकते माप ही कारणे जास्त जड होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा मात्र महासंघाने बूट सक्तीचे केले. त्या सक्तीने फुटबॉलचे काही बिघडले नाही. १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत खेळला. अनवाणीपणाचे कौतुक करणारे बहुधा स्वतः बूट घालून बसलेले असतात.

सोलापूरच्या बाबतीत हे आणखी टोचते. इथली बहुतेक मैदाने म्हणजे मुरूम, कडक माती आणि मधूनमधून उघडा पडलेला दगड. पाऊस बेताचा, त्यामुळे हिरवळीची गादी नशिबात नाही. अशा जमिनीवर तेरा-चौदा वर्षांचे एक पोर स्टडचे बूट घालून आणि समोरचे साध्या मोज्यात नडगी उघडी टाकून चेंडूवर झेपावले, की काय होते ते हाडवैद्याला विचारण्याची गरज नाही. शिनगार्डने हाड मोडणे शंभर टक्के टळत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते आघात कमी करते, संपवत नाही. पण ‘पूर्ण वाचवत नाही म्हणून नको’ हा युक्तिवाद हेल्मेटच्या बाबतीत आपण ऐकून घेत नाही, मग इथे का घ्यावा? ‘पोरं आहेत, चालवून घ्या’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. लहान मुलांच्या फुटबॉलसाठी राष्ट्रीय संघटनांना बदलाची मुभा आहे. मैदान लहान करा, चेंडू हलका घ्या, गोलपोस्ट छोटे करा, वेळ कमी करा, बदली खेळाडू पुन्हा आत घ्या. त्या यादीत खेळाडूचे साहित्य नाही. वय कमी असले म्हणजे नडगी मजबूत असते, असे कायदा मानत नाही.

दागिन्यांचे प्रकरण जास्त नाजूक आहे. डिसेंबर २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये सर्व्हेट संघाचा पावलो दियोगो गोल झाल्याच्या आनंदात प्रेक्षकांच्या कुंपणावर चढला, खाली उडी मारताना लग्नाची अंगठी जाळीत अडकली आणि बोटाचा मोठा भाग तिथेच राहिला. रेफ्रीने त्याला वर पिवळे कार्डही दाखवले. गोलच्या जाळीत बोट अडकणे, कानातली बाळी ओढली जाणे हे शालेय सामन्यातही घडू शकते, त्यासाठी स्वित्झर्लंड लागत नाही. पण सोलापुरातल्या मुलाच्या अंगावर अंगठीपेक्षा वेगळ्या वस्तू असतात. मनगटाला काळा दोरा, दंडाला ताईत, कमरेला करदोटा, पद्मशाली घरातल्या मुलाच्या अंगावर जानवे, लिंगायत घरातल्या मुलाच्या गळ्यात इष्टलिंग, मुलीच्या नाकात नुकतीच टोचलेली चमकी. सिद्धेश्वराच्या गावात इष्टलिंग अंगावेगळे करू नये ही श्रद्धा रेफ्रीने शिट्टीच्या जोरावर मोडायची म्हटली, तर भांडण नियमाचे राहत नाही.

इथे आक्षेप येतो: धर्माला हात लावायचा की नाही? जगाने याचे उत्तर अडखळत, पण बऱ्यापैकी शोधले आहे. जून २०११ मध्ये इराणच्या महिलांचा संघ डोक्यावरील आच्छादनामुळे जॉर्डनविरुद्धच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यातून बाद ठरला. पुढच्या वर्षी प्रायोगिक मुभा मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये आच्छादनाला नियमातच जागा झाली: काळे किंवा शर्टाच्या मुख्य रंगाचे, शर्टाला न जोडलेले, मानेजवळ टाचणीसारखे काही नसलेले. दरम्यान कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २०१३ ला पगडीवर बंदी आली आणि त्याच वर्षी उठलीही. ‘हे घालावे की नाही’ यावरची चर्चा ‘ते कोणत्या रूपात सुरक्षित आहे’ इथे आली तेव्हाच वाट सापडली. दोरा, ताईत, इष्टलिंग यांचा विचार याच अंगाने करता येईल. पण तो सामन्याच्या सकाळी रांगेत उभ्या पोरासमोर करायचा नाही. स्पर्धेआधी तांत्रिक समितीने लेखी ठरवावे, शाळेने घरी कळवावे. जे काढायचे ते मुलाने घरीच, आईच्या हाती द्यावे. कडेला पडलेल्या बॅगेवर टाकलेले गंडेदोरे कुणालाच बरे दिसत नाहीत.

रंगाच्या बाजूला मात्र हात सैल सोडायला हवा, आणि इथेच आपली मंडळी भलती कडक होतात. दोन्ही शाळा पांढऱ्या पीटी गणवेशात आल्या तर काय करायचे? विश्वचषकातच हे घडले आहे. १० जून १९७८ ला अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढरे शर्ट घेऊन हजर झाले. सामना रद्द झाला नाही. किम्बर्ली नावाच्या तिथल्या क्लबकडून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले, फ्रान्सने ते घातले, काहींच्या शर्टावरचा आणि चड्डीवरचा आकडाही जुळत नव्हता, सामना उशिरा सुरू झाला आणि फ्रान्स ३-१ ने जिंकला. उलट उदाहरण कॅमेरूनचे. २००४ च्या आफ्रिकन स्पर्धेत त्यांनी शर्ट-चड्डी एकत्र शिवलेला गणवेश घातला, तर फिफाने दंडाबरोबर विश्वचषक पात्रतेचे सहा गुण कापले. गणवेश शिवणाऱ्या कंपनीची आणि महासंघाची ती कल्पना. गुण गेले खेळाडूंचे. पुढे ते परत द्यावे लागले, हेही सांगायला हवे. सोलापुरात असे सहा गुण कापले जात नाहीत, पण ‘रंग जुळत नाही, पुढे चाल’ असा आग्रह धरणारा प्रतिस्पर्धी शिक्षक मिळतो. त्याचा आग्रह निव्वळ नियमप्रेमाचा नसतो. शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्रामागे दहावी-बारावीचे क्रीडा गुण असतात, पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के आरक्षण असते, त्यामुळे प्रत्येक फेरीला भाव आहे. हरकतीचा अर्ज कधीकधी चेंडूपेक्षा जास्त पळतो.

‘सूट दिली की शिस्त गेली’ हे म्हणणारे लोक मात्र मला अगदीच चुकीचे वाटत नाहीत. रेफ्रीने एकाला सोडले की दुसरा बोट दाखवतो, आणि शालेय मैदानावर रेफ्रीचा धाक तसाही पातळ असतो. पण चौथ्या नियमाची स्वतःची शिक्षा किती मोजूनमापून ठेवली आहे ते पाहावे. साहित्यात खोट दिसली तर खेळ थांबवायची गरज नाही. चेंडू बाहेर गेला की मुलाने बाहेर यायचे, वस्तू नीट करायची, पंचांकडून तपासून घ्यायची आणि रेफ्रीच्या परवानगीने परत आत जायचे. परवानगीविना घुसला तर पिवळे कार्ड. स्पर्धेतून बाद करा, असे कुठे म्हटलेले नाही. चुकून बूट निघाला आणि त्याच पायाने लगेच गोल झाला, तर तो गोलही ग्राह्य धरतात; बूट चेंडू पुढच्या वेळी बाहेर जाण्याआधी घालायचा. चष्म्याच्या बाबतीत जुन्या नियमपुस्तिकेने रेफ्रींना, विशेषतः लहान खेळाडूंबाबत, सहनशील राहायला सांगितले होते. शिस्त आणि समजूत एकाच नियमात नांदू शकतात. आपण नियम न वाचता त्याच्या नावाने ओरडतो, ही खरी अडचण.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. झेडपी शाळेतल्या, विडी कामगार किंवा यंत्रमाग कामगार घरातल्या मुलाला शिनगार्ड आणायला सांगणे म्हणजे त्याला संघाबाहेर काढण्याचा सभ्य मार्ग नव्हे का? जर अट फक्त मुलावर टाकली, तर हो. म्हणूनच ती मोठ्यांवर टाकली पाहिजे. अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलमध्ये (तो खेळ वेगळा, तरी कारभार शिकण्याजोगा) सामन्याआधी मुख्य प्रशिक्षकाला रेफ्रीसमोर सांगावे लागते की आपले सर्व खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत. जबाबदारीचे नाव तिथे आधीच ठरते. आपल्याकडे प्रवेशिकेवर वय, जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही-शिक्का असतो. साहित्याच्या ओळीला जागा नसते. एक ओळ वाढवा, खाली क्रीडाशिक्षकाची सही घ्या. पीटी सरांवर आधीच निवडणूक, जनगणना आणि परीक्षांची ओझी आहेत, हे खरे. पण ही सही त्यांचे ओझे वाढवण्यापेक्षा शाळेकडे मागणी करायला हत्यार देते.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक देशात आला, तेव्हा ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या मोहिमेने शाळांना फुटबॉल वाटले. भर चेंडूवर होता, नडगीवर नाही. सोलापूर तर गणवेश शिवणारे शहर आहे. गिरण्या गेल्या, पण शालेय गणवेशाचे कारखाने उभे राहिले आणि इथल्या तयार कपडे उत्पादकांच्या संघाने गणवेशांची प्रदर्शने भरवली. त्या शहरात जिल्हा पातळीवर दोन रंगांच्या बिब शिवून ठेवणे अवघड नाही. शिनगार्डचेही तसेच. एका मैदानावर सामने एकामागून एक होतात, म्हणजे दोन संघांना लागणाऱ्या जोड्या, त्यांत लहान-मोठ्या मापांची थोडी भर, एवढ्यावर आख्खी जिल्हा स्पर्धा निघते. माप जुळण्याची काळजी शिक्षकाने घ्यायची, कारण नव्या नियमात शिनगार्डच्या मापाची आणि योग्यतेची जबाबदारी खेळाडूवर आहे, आणि चौदा वर्षांच्या खेळाडूची जबाबदारी शेवटी त्याच्या शिक्षकाचीच असते. घामाचा प्रश्न राहील. त्याला सामन्यांच्या मध्ये बादलीभर पाणी, साबण आणि पुसायला दोन पंचे लागतील. पंच्यांची या गावात वानवा नाही.