सिबिल ‘साफ’ करून मिळत नाही

“पाच हजार द्या, महिन्याभरात सिबिल साफ करून देतो.” पेणपासून रोह्यापर्यंत गाडीच्या कर्जाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. कुणाला डोलवीला कंपनीत गाडी लावायची असते. कुणी धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर असतो आणि घरची पहिली गाडी बघत असतो. कुणाला जुनी मिनिडोर रिक्षा विकून इको घ्यायची असते. बँकेतून फाइल परत येते आणि कारण सांगितलं जातं, ‘सिबिल खराब’. मग ओळखीतलं कुणीतरी ‘आतला माणूस’ सुचवतं. रोख पैसे दिले जातात, पावती मिळत नाही. वर पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही त्याच माणसाच्या हाती जातो.

हे थांबायला हवं. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांतून कोट्यवधी रुपये बाहेर गेल्याचं उघड झालं आणि जवळपास दोन लाख ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. त्या ठेवीदारांच्या घरातली मुलं आज गाडीसाठी कर्ज मागत आहेत. आपला पैसा नेमका कुठे जातो, हे विचारायला पेण तालुका फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. तेच लोक विनापावती पैसे आणि स्वतःचा ओटीपी अनोळखी माणसाला देतात, तेव्हा राग येतो. तो त्या लोकांचा नव्हे, त्यांच्या अडचणीवर पोट भरणाऱ्यांचा.

मुख्य गैरसमज : पैसे दिले की सिबिल साफ होतं

आधी सिबिल म्हणजे काय ते पाहू. ही सरकारी कचेरी नाही. २००० साली स्थापन झालेली ही कंपनी आज ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने चालते. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या देशात आहेत : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे आणि २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा लागू आहे.

या कंपन्या तुमच्याबद्दल स्वतःहून काही लिहीत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या जी माहिती पाठवतात तीच तिथे नोंदली जाते, आणि तिच्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यानचा स्कोअर निघतो. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं.

आता तो अहवाल जवळून पाहा. प्रत्येक कर्जाचा वेगळा चौकोन असतो. त्यात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात तीन आकडे. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर. ‘०३२’ म्हणजे त्या महिन्यात हप्ता ३२ दिवस थकलेला. आकडा ९० च्या पुढे गेला की बँकेच्या लेखी ते कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लागलं. खाली खात्याची स्थिती असते : चालू, बंद, ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’. पुष्कळदा गाडीचं कर्ज अडवणारा हा चौकोन मोठ्या कर्जाचा नसतोच. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे शेवटचे दोन हप्ते, खात्यात पैसे नसल्याने बाउन्स झालेले, आणि त्यावर चढलेला दंड. फोन कधीच मोडीत गेलेला असतो, नोंद मात्र तशीच राहते.

ही नोंद पुसणार कोण? सिबिलमध्ये बसलेला माणूससुद्धा ती आपल्या मर्जीने पुसू शकत नाही. ज्या बँकेने नोंद पाठवली, तिने दुरुस्ती कळवली तरच ती बदलते. बँकेच्या पत्राशिवाय सातबाऱ्यावरचा बोजा तलाठी उतरवत नाही, इथेही तोच न्याय.

मग हे दलाल करतात तरी काय? बहुतेक वेळा ते तुमच्याच नावाने लॉगिन करतात आणि खऱ्या-खोट्या सगळ्या नोंदींवर हरकत घेतात. हरकत प्रलंबित असेपर्यंत तसा शेरा अहवालात दिसतो. तो दाखवून ‘काम सुरू आहे’ असं सांगितलं जातं. बँक ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवते, शेरा जातो आणि जुनी नोंद जागच्या जागी राहते. मधल्या काळात तुम्ही स्वतः थकबाकी भरली असेल तर स्कोअर आपोआप थोडा सुधारतो आणि श्रेय दलाल घेतो. काही जण याच्याही पुढे जाऊन ‘नो ड्यूज’चं बनावट पत्र तयार करतात. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे आणि त्या कागदावर नाव तुमचं असतं.

नोंद खरोखर चुकीची असेल तर? तुमचं नसलेलं कर्ज तुमच्या पॅनवर दिसत असेल, किंवा फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर ती दुरुस्त करून घेणं हा तुमचा हक्क आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. हा नियम २०१७ पासून आहे. अहवालातली चूक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा थेट तुमच्या बँकेकडे नोंदवता येते. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आदेश काढला आणि एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. एवढ्यानेही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. या पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. चौकशीचा क्रमांक १४४४८.

थोडक्यात, नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती फुकट होते आणि नोंद खरी असेल तर पैसे देऊनही ती पुसली जात नाही. दलालाला विकण्यासारखं यात उरतंच काय? तेच पाच हजार मोबाइलच्या थकलेल्या हप्त्यात भरले असते, तर बँकेची पावती हातात आली असती आणि काही आठवड्यांत नोंदही बदलायला लागली असती.

आणखी काही गैरसमज

*‘सेटलमेंट केली की खातं बंद.’* तडजोडीत बँक काही रक्कम सोडते आणि खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढच्या बँकेच्या दृष्टीने त्याचा अर्थ पूर्ण पैसे मिळाले नाहीत, असा आहे. जमत असेल तर बँकेशी लेखी बोलून उरलेली रक्कम भरा आणि खातं ‘बंद’ म्हणून कळवायला लावा.

*‘गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज फिटलं.’* गाडी लिलावात जाते. आलेल्या पैशातून कर्ज वळतं होतं आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. वसुलीवाल्यांना दमदाटी करता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. गुंड पाठवून गाडी हिसकावण्याच्या प्रकाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना सुनावलं आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

*‘सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं.’* माहिती किमान सात वर्षं ठेवावी, असा नियम आहे. सात वर्षांनी पुसावीच, असा नाही.

*‘स्वतःचा स्कोअर बघितला की तो कमी होतो.’* होत नाही. महिन्याभरात पाच शोरूममधून पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र त्याचा फटका बसतो.

*‘अमुक आकड्याखाली कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’* असा नियम नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, हेही रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी संसदेत दिलेल्या उत्तरातही या दोन्ही गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. किती स्कोअरला कर्ज द्यायचं, हे ज्या-त्या बँकेचं धोरण.

*‘मी फक्त जामीन राहिलो होतो.’* भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राचे हप्ते थकले तर डाग तुमच्या अहवालावरही पडतो.

*‘पतसंस्थेचं कर्ज सिबिलला दिसत नाही, थकलं तरी चालतं.’* सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की प्रकरण जप्तीपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा सिबिल ही शेवटची काळजी उरते.

*‘हप्ते संपले, गाडी मोकळी झाली.’* एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन पेणच्या आरटीओमधून आरसीवरचा बोजा उतरवल्याशिवाय ती मोकळी होत नाही. एमएच-०६ ची किती तरी जुनी वाहनं विकताना इथेच अडतात.

‘सिबिल न बघता कर्ज’ : हा सापळा ओळखा

स्कोअर खराब आहे म्हणून गाडी मिळतच नाही, असं नाही. मिळते, पण महाग मिळते. इथे नीट हिशेब करा. ‘फक्त १० टक्के’ असं सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा : फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर? ५ लाखांच्या कर्जावर ५ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे महिन्याला १२,५०० रुपये हप्ता. घटत्या शिल्लकेवर त्याच १० टक्क्यांचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये बसतो. पाच वर्षांत फरक होतो सुमारे १ लाख १२ हजारांचा, आणि त्या ‘१० टक्के फ्लॅट’चा खरा दर निघतो १७ टक्क्यांच्या वर.

हा खरा दर सही करण्याआधी कळणं आता तुमचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत तो द्यावा, असंही नियम सांगतो. मराठीत मागा. तो कागद द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या कागदावर सही करू नका.

मग करायचं काय?

फुकटचा अहवाल स्वतः काढा, स्वतःच्या मोबाइलवर. नेमकी कुठली नोंद आडवी येते ते शोधा. लहान थकबाकी आधी भरा आणि ‘नो ड्यूज’ लेखी घ्या. त्यानंतर सहा महिने ते वर्षभर चालू हप्ते एकही दिवस न चुकवता जाऊ द्या. काहीच कर्ज चालू नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन त्याचं बिल दर महिन्याला पूर्ण भरा, म्हणजे ‘०००’ चे नवे रकाने तयार होतील.

गाडी आताच हवी असेल तर डाउन पेमेंट वाढवा, कर्ज लहान करा किंवा पगारी सहकर्जदार घ्या. त्या सहकर्जदाराला मात्र आधीच सांगा की हप्ता चुकला तर त्याचंही नाव खराब होईल. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखानदारांचं उत्पन्न हंगामी असतं. मिनिडोरवाल्यांचा धंदा रोखीचा. अशांनी पैसे बँक खात्यातून फिरवावेत आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरावं. कमाई कागदावर दिसली की कमी स्कोअरची फाइलही बँक उघडून बघते.

आणि ‘साफ करून देतो’ म्हणणारा समोर आला, तर त्याला एवढंच विचारा : कुठल्या बँकेची, कुठली नोंद, कुठल्या कारणाने बदलणार? ते लिहून दे आणि पावती दे. त्याने ते दिलं नाही, तर ओटीपीही द्यायचा नाही आणि पैसेही नाहीत.